संकटकाळातील शिक्षण आणि मुलांच्या मनावरील भार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सायखेडा येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, शिक्षकाची सनद घेतली आणि आयुष्यभर खेड्यापाड्यांतील मुलांना शिकविले, एवढेच माझे भांडवल. मानसशास्त्राची पदवी मजजवळ नाही. परंतु ज्याने इतकी वर्षे मुलांच्या तोंडाकडे पाहून धडा पुढे न्यायचा की मागे आणायचा हे ठरविले, त्याला मुलांच्या मनाविषयी थोडे बोलण्याचा अधिकार असावा, असे मानून मी आपणांपुढे उभा आहे.

विषय आहे तो करोनाच्या काळात घरी बसून मोबाइलच्या पडद्यावर शिकलेल्या आपल्या मुलांचा. आपण म्हणाल, तो काळ केव्हाच सरला, आता ते कशाला उकरून काढावयाचे? माझे उत्तर असे की, आपण सायखेडेकर गोदामाईच्या काठचे लोक आहोत. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये नदी आपल्या आणि समोरच्या चांदोरीच्या घरांत शिरली, ते आपण विसरलो आहोत काय? पूर ओसरल्यावर आपण खूण करून ठेवतो की पाणी कोठवर आले होते. ती खूण रडण्यासाठी नसते. पुढच्या वेळी धान्याची पोती कोणत्या फळीवर ठेवावयाची हे समजावे म्हणून असते. २०२० साली जे संकट आले त्याचे पाणी मुलांच्या मनात कोठवर चढले होते, याची खूण आपण अजून केलेली नाही. ती करावी, एवढाच माझा आजचा हेतू.

प्रथम घडलेल्या गोष्टींची उजळणी करू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या; २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर राहून गेला, तो पुढे रद्दच झाला. जगाची स्थितीही निराळी नव्हती. युनेस्कोच्या गणनेनुसार त्या एप्रिलमध्ये १९० हून अधिक देशांतील सुमारे दीडशे कोटी विद्यार्थी शाळेबाहेर होते. जूनपासून आपल्या राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे ब्रीद घेऊन नवे वर्ष मोबाइलवर सुरू झाले. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागली. वरचे वर्ग त्या वर्षाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग मात्र १ डिसेंबर २०२१ रोजी भरले. म्हणजे ज्या बालकाचे नाव जून २०२० मध्ये पहिलीत घातले, त्याने शाळेचा उंबरठा प्रथम ओलांडला तो दुसरीचे अर्धे वर्ष संपल्यावर! आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, शाळा आणखी एकदा काही दिवस बंद झाल्या.

शिक्षकांनी त्या काळात फार कष्ट केले, हे मला प्रथम सांगितले पाहिजे. सोलापुरात नीलमनगर भागातील शिक्षकांनी ज्या मुलांकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. आपल्या तालुक्यातही कित्येक गुरुजी व बाई वस्त्यावस्त्यांवर स्वाध्यायाचे कागद घेऊन फिरल्या. मी बोलणार आहे ते त्यांच्या दोषांविषयी नव्हे, आपल्या घरांविषयी. आणि आरंभ माझ्या स्वतःच्या घरापासून करतो.

माझा मुलगा नाशिकला एका कारखान्यात नोकरीस आहे. टाळेबंदीत कारखाना थांबला तेव्हा तो कुटुंबासह गावी आला. नात त्या वर्षी दहावीत गेली होती. तिची शाळा शहरातली; वर्ग मोबाइलवर भरे. आमचे घर जुने, पुढे ओटा, बाजूला गोठा. ती माजघरात एका कोपऱ्यात मोबाइल उभा करून बसे. एके दिवशी मी पाहिले की शिक्षक शिकवीत आहेत आणि हिने आपला कॅमेरा बंद केला आहे, आवाजही बंद केला आहे. माझ्यातला मास्तर जागा झाला. "आम्ही रॉकेलच्या चिमणीखाली शिकलो, आणि तुम्हांला घरबसल्या शाळा मिळते तर तोंड लपविता?" असे मी सर्वांदेखत बोललो. ती काही बोलली नाही. मला वाटले, मुलीला चूक उमगली.

पुढे तीन आठवड्यांनी तिच्या आजीकडून खरी हकीकत कळली. एका तासाला तिने शंका विचारण्यासाठी आवाज सुरू केला आणि नेमकी त्याच क्षणी गोठ्यातली गाय हंबरली. पडद्यावरच्या साऱ्या चौकटी हसल्या. त्यात दुष्टपणा नसेल, पोरेच ती. वर्गात असे झाले असते तर हीही हसली असती, शेजारणीने कोपर मारले असते आणि गोष्ट तेथेच संपली असती. परंतु येथे ती एकटी होती. त्या दिवसापासून तिने तोंड दाखविले नाही आणि शंकाही विचारली नाही. त्रिकोणमितीचे अख्खे प्रकरण तिच्या डोक्यावरून गेले. रात्री तिला झोप येईना. आणि मी, गावभर 'गुरुजी' म्हणवून घेणारा, तिच्यापासून दहा हातांवर ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत होतो!

दुसरा मुलगा आमच्या शेजारचा, सातवीतला. घरात मोबाइल एकच, तो वडिलांचा. ते कांदा घेऊन लासलगावच्या बाजार समितीत गेले की मोबाइलही त्यांच्याबरोबर जाई. रात्री नऊला तो मुलाच्या हाती पडे, तेव्हा दिवसभराचे स्वाध्याय एकदम पुढे येत आणि सोबत ज्यांनी कालचा अभ्यास पाठविला नाही त्यांची यादीही येई. ती यादी वर्गातली सर्व मुले आणि सर्वांचे पालक पाहत. त्या यादीत याचे नाव रोज असे. काही दिवसांनी तो पोटात दुखते म्हणू लागला. वैद्याला काही सापडले नाही. मग एक दिवस तो द्राक्षबागेत मजुरांबरोबर कामाला गेला आणि आईला म्हणाला, "मला आता शाळा नको."

हा मुलगा अपवाद होता काय? प्रथम या संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२० साली असे आढळले की, देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी; परंतु शंभरांतील अडतीस मुलांच्या घरी तो नव्हताच, आणि ज्यांच्या घरी होता तो मुलाच्या हाती किती वेळ होता, हे आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या घरावरून ठाऊक आहे.

या दोन मुलांवरून मला जे समजले ते असे. आपण समजत होतो की मुलांना अभ्यासाचा ताण आहे. ताण अभ्यासाचा थोडा होता. मोठा ताण एकटेपणाचा होता आणि त्याहून मोठा लाजेचा होता.

शरीराचा शीण होता, हे मी नाकारीत नाही. जवळच्या एकाच अंतरावर डोळा तासन्‌तास खिळला की त्याचे स्नायू थकतात, पापणी कमी लवते, डोळे कोरडे पडून जळजळतात, डोके दुखते. रात्री उशिरापर्यंत पडद्यापुढे बसले की झोप लांबते आणि झोप मोडलेल्या मुलाला सकाळी सोपे गणितही डोंगराएवढे वाटते. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत म्हणूनच मर्यादा घातली होती : पहिली ते आठवीला दिवसातून पंचेचाळीस मिनिटांपर्यंतचे दोनच तास, आणि नववी ते बारावीला तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे फार तर चार तास. तत्त्व चांगले होते. परंतु शाळेचे दोन तास संपले की शिकवणीचे दोन, नंतर स्वाध्यायाचे दोन आणि करमणुकीचे पुन्हा तीन, असा हिशेब आपण घरात कधी मांडला काय?

तरीही शरीराचा शीण विश्रांतीने जातो. एकटेपणाचा जात नाही. शाळेत मूल एकटे नसते. त्याला समजले नाही तर ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. शेजाऱ्यालाही समजले नसेल तर त्याचा जीव भांड्यात पडतो. शिक्षकाला विचारावेही लागत नाही. पंचवीस तोंडांवरचा गोंधळ पाहून तो आपण होऊन मागे येतो. पडद्यावर हे सारे नाहीसे झाले. प्रत्येक मुलाला वाटू लागले की सर्वांना समजले आहे, केवळ मीच मठ्ठ आहे. घरी वडिलांचा धंदा बसलेला, कोणाचे आजोबा रुग्णालयात, कोणाच्या घरातून माणूस कायमचे गेलेले. आणि हे दुःख घेऊन मुलाने पडद्यापुढे 'उपस्थित' म्हणावयाचे! शाळेत जाण्यायेण्याच्या वाटेवर मुले एकमेकांना जे सांगतात, ते सांगावयास वाटच उरली नव्हती.

आता यावर उपाय काय सापडला तेही सांगतो. उपाय मी शोधला असे म्हणणार नाही. तो हाताला लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये, दिवाळीनंतर साथ थोडी उतरली तेव्हा मी शेजारच्या घरी गेलो आणि त्या मुलाच्या आईला म्हणालो, "पोराला संध्याकाळी माझ्या ओट्यावर पाठवा. शिकवीत नाही, नुसते बसू द्या." तो आला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले. मुखपट्टी लावून, हाताहाताचे अंतर ठेवून, उघड्या हवेत पाच मुले बसू लागली. नात त्यांच्यात सहावी. मोबाइल दोनच होते. एकावर तिघे पाहत. पहिला नियम मी असा केला की, प्रत्येकाने आल्याबरोबर 'आज मला काय समजले नाही' ते सांगावयाचे, आणि आरंभ मी स्वतः करावयाचा. मी म्हणालो, "मला हा स्वाध्याय मोबाइलवरून पाठवावयाचा कसा ते समजत नाही." सातवीतल्या त्या मुलाने मला ते शिकविले. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

दुसरा नियम डोळ्यांचा. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस फुटांपलीकडे, म्हणजे समोरच्या चिंचेच्या शेंड्याकडे, वीस सेकंद पाहावयाचे. डॉक्टर मंडळी हाच नियम सांगतात. तिसरा नियम वेळेचा : सहा ते साडेसात, त्यापुढे एक मिनिटही नाही, मग अर्धा तास नदीकडे फिरणे. त्या फिरण्यात मुले जे बोलली ते ऐकून मी थक्क झालो. कोणाच्या वडिलांनी कर्ज काढले होते ते, कोणाची आई रात्री रडते ते, सारे त्यांना ठाऊक होते. आपण समजतो, मुलांना काही कळत नाही.

चौथी गोष्ट मी केली ती नियम नव्हे, कर्तव्य. नातीला जवळ बसवून, ज्या सर्वांदेखत मी तिला बोललो होतो त्या सर्वांदेखत म्हणालो, "माझे चुकले." बंधूंनो, आपल्या पिढीला हे दोन शब्द फार जड जातात. परंतु मी खात्रीने सांगतो, त्रिकोणमितीचे कोणतेही सूत्र त्या मुलीच्या उपयोगी पडले नाही इतके ते दोन शब्द पडले.

तो सातवीतला मुलगा शाळेत परतला आणि आज आयटीआयमध्ये शिकत आहे. परंतु सर्वच परतले असे मी म्हणणार नाही. पलीकडच्या मळ्यात आठवीतला एक मुलगा होता. तो आज ट्रॅक्टर चालवितो. कष्टाळू आहे, सुशील आहे, परंतु त्याची शाळा सुटली ती सुटलीच. तो माझ्या ओट्यापर्यंत आला नाही आणि मी त्याच्या दारापर्यंत गेलो नाही. अंतर अर्ध्या मैलाचे होते. ही रुखरुख मला जन्मभर पुरेल.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपण मोठ्या मनाने ऐकावे. २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनाला ३० आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० अशी गुणांची विभागणी झाली. १६ जुलैला निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. आपल्या मंडळाने नेहमीप्रमाणे गुणगौरवासाठी नावे मागविली. माझ्या नातीस ९२ टक्के गुण होते. मी मोठ्या हौसेने अर्ज भरला. ती म्हणाली, "आजोबा, हे गुण माझे कोठे आहेत? लोक हसतात, करोनाची बॅच म्हणतात." ती सत्कारास आली नाही.

मला त्या वेळी राग आला. आज वाटते की तिचे म्हणणे बरोबर नव्हते, परंतु तिला तसे वाटावयास लावणारे आपणच होतो. ज्या मुलांनी दोन वर्षे अर्धवट आवाजात, तुटक्या रेंजमध्ये, घरातील आजारपणे काढीत अभ्यास केला, त्यांना आपण 'फुकट पास' म्हटले. परीक्षा त्यांनी नाकारली नव्हती. ती त्यांच्यापासून काढून घेण्यात आली होती. आणि आपल्या या स्मरणिकेत दरवर्षी टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने जी नावे छापली जातात, ती वाचताना ज्यांचे नाव यादीत नाही त्या घरातले मूल पान उलटून ठेवते, हे आपण कधी पाहिले आहे काय? स्वाध्याय न पाठविणाऱ्यांची यादी आणि ही यादी, दोहोंचा घाव एकाच जागी बसतो. सत्कार बंद करा असे मी म्हणत नाही. गुणवंतांचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु ज्याने सुटलेली शाळा पुन्हा धरली, जो घरचे काम सांभाळून उत्तीर्ण झाला, जिने धाकट्या भावंडांना शिकविले, त्यांनाही त्याच व्यासपीठावर, तेच श्रीफळ द्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

पुढचे संकट पुराचे येईल की रोगाचे, हे कोणी सांगावे? शाळा पुन्हा काही दिवस पडद्यावर भरेल, हे मात्र गृहीत धरून चालावे. त्या वेळेसाठी मंडळापुढे मी आणखी चार सूचना ठेवतो.

एक : प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वस्तीवर एक ओटा ठरवून ठेवावा आणि त्या ओट्याची जबाबदारी घेणारे एक वडीलधारे माणूस. ते शिकलेलेच असावे असे नाही. मुलांजवळ बसणारे असावे. निवृत्त शिक्षकांनी यात पुढे व्हावे. मी माझे नाव आजच देतो. ओट्यावर जातीचे दार लावू नये. माझ्या पाच मुलांपैकी दोनच आपल्या ज्ञातीची होती.

दोन : ज्यांच्या घरी वापरात नसलेले पण चालू मोबाइल आहेत त्यांनी ते मंडळाकडे जमा करावे, संकटकाळी त्यांचा रिचार्ज मंडळाच्या निधीतून व्हावा.

तीन : घरात वेळापत्रक असावे, शाळेचा तास, खेळ, जेवण आणि झोप यांचे. निजताना मोबाइल मुलाच्या उशाशी नसावा, आणि आपल्याही नसावा; कारण मुले ऐकतात त्यापेक्षा पाहतात अधिक.

चार : मूल गप्प झाले, जेवण टाकू लागले, झोपेनासे झाले, कारण नसता पोट किंवा डोके दुखते म्हणू लागले, किंवा 'मी नसतो तर बरे' असे काही बोलले, तर त्यास नाटक म्हणू नये, नजर लागली म्हणून उतरवून स्वस्थही बसू नये. त्याजवळ बसावे, ऐकावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' हा उपक्रम काढला होता, आणि ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केला असता विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येकाने घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. मनाचे दुखणे सांगण्यात कुळाला कमीपणा येत नाही. ते झाकण्यात मूल हातचे जाते.

माझे सांगणे संपत आले. पुराच्या वेळी आपण काय करतो? प्रथम घरातली माणसे मोजतो, मग भांडीकुंडी. करोनाच्या दोन वर्षांत आपण मुलांचे तास मोजले, स्वाध्याय मोजले, टक्के मोजले. मुले मोजावयाची राहिली. पुढच्या वेळी तसे होऊ नये. संध्याकाळी एकदा, मोबाइल बाजूला ठेवून, मुलाला एवढेच विचारावे, "आज काय समजले नाही?" आणि ते सांगू लागले की रागावू नये.

 बोलण्यात अधिकउणे झाले असल्यास वयाकडे पाहून क्षमा करावी. श्रीगोदामाई आपल्या सर्व मुलाबाळांना सुखी ठेवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!